इन्स्पेक्टरचं बोट

चुकीच्या इंजेक्शनच्या खटल्यात नर्सची नोकरी टांगणीला लागली होती. आज वकिलाला खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती कोर्टाबाहेरच्या बाकावर येऊन बसली. शेजारी एक बेकरीवाला आणि त्याचा मेहुणा दारापाशी उभ्या काळ्या कोटातल्या माणसाकडे बघत कुजबुजत होते.

"दाजी, तुमच्या बेकरीला टाळं ठोकणारा इन्स्पेक्टर हाच ना?"

"हाच. आता नोकरी सोडून वकील झालाय."

"आणि तुम्ही त्यालाच वकील केलंत?"

"त्याला सगळ्या खाचाखोचा ठाऊक आहेत रे."

"तुमच्यासुद्धा!"

"काल बेकरीत आला. खुर्ची दिली तर बसला नाही. आधी भट्टीमागे बोट फिरवलं, मग ते माझ्या नाकासमोर धरलं."

"मग?"

"घाबरून उंदरांचंही सांगून बसलो."

"झालं! तो बघा, सरकारी वकिलाशी कसा हसून बोलतोय."

"जुनी ओळख असेल."

"मी तरी दुसरं काय म्हणतोय?"

इतक्यात वकील आला. दोघांना हातानेच थांबवून तो नर्सकडे वळला. बसण्याआधी त्याने बाकावरून बोट फिरवलं आणि ते निरखून पाहिलं.

"बाई, मला सांगायचं काही राहिलंय का?"

"छे," नर्स म्हणाली, "सगळं सांगितलंय की."