छोट्या बदकांची शीळ

आर्कान्सातल्या शिकारीच्या दुकानात अर्लीन रांगेत उभी होती. तिच्या पुढे म्हातारे व्हर्नेल आणि त्यांची लेक ट्वायला. बंदुकीच्या बारापासून कान वाचवायला काय घ्यावं, यावर दोघांची हुज्जत चालली होती.

"चार डॉलरचे स्पंजचे बोळे बास झाले."

"बोळ्यांनी सगळंच बंद होतं, बाबा. हे चाळीसवाले बॅटरीचे हेडफोन घालून बघा. बार अडवतात आणि बारीक आवाज मोठा करतात."

"बारीक आवाज राहिलेत कुठे? दोन हिवाळे झाले, आपल्या भातखाचरात छोटी बदकं फिरकलीच नाहीत. पहाटेपासून बसतो, एक शीळ म्हणून कानावर येत नाही."

"घाला तर खरं. येतंय ऐकू?"

"तुझी कटकट झकास येतेय. आता मागे जाऊन ती फळीवरची, छोट्या बदकांना बोलवायची शिट्टी वाजव."

ट्वायलाने वाजवली. गल्ल्यावरच्या माणसाने दचकून वर पाहिलं.

"वाजव की गं!"

तिने पुन्हा वाजवली, अगदी जीव खाऊन.

"झोपलीस का? बाई, तुम्ही सांगा, आली का शीळ?"

ट्वायला शिट्टी मुठीत आवळून अर्लीनकडे बघत राहिली.

"नाही हो, काका."

"बघ! शिट्टीच बिघडलीय तुझी. घे ते बोळे. नाहीतरी बदकं येतातच कुठे?"