फोटो नसलेली चौकट

मला पत्रकार व्हायचंय म्हटलं की पप्पा म्हणतात, "तू तर पाहुण्यांना पाणी देऊन आत पळतेस!"

परवा ताईच्या प्रवेशासाठी आम्ही विद्यापीठात गेलो. पत्रकारिता विभागाच्या भिंतीवर नामवंत माजी विद्यार्थ्यांचे फोटो होते. एका चौकटीत मात्र नुसतं नाव होतं.

मी धीर करून तिथल्या गुजराती शिपाईकाकांना विचारलं, "यांचा फोटो का नाही?"

"त्या बेन देतच नाहीत. बातमीसाठी कामगार बनून मिलमध्ये शिरतात ना! चेहरा ओळखीचा झाला तर आत कोण घेईल?"

पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये राबणारे पप्पा हसले. "आमच्या हिला तर वर्गातसुद्धा कोणी ओळखत नाही."

काका हसले नाहीत. म्हणाले, "मग भाऊ, हिला इथेच पाठवा."