पिवळ्या दारवालीची सही

सिअ‍ॅटलच्या बसमध्ये पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने ‘पिवळ्या दारवाली’ म्हटलं आणि लॉरेलने बाळाला उराशी घट्ट धरलं. गल्लीत पिवळं दार तिचं एकटीचंच होतं.

“बागेच्या श्रमदानाच्या हजेरीपत्रकावर तिची सही आहे, ऑड्री. चार तास!”

“काहीतरीच काय, क्लाइड! दिवसभर मी तिथं माती उपसत होते. बाळवाली बाई मला तरी दिसली नाही.”

“म्हणूनच म्हणतो, पाणी मुरतंय.”

“भलं करायला गेली असेल बिचारी. आपण जितके तास राबू, तितकेच पैसे पालिका घालणार ना?”

“आणि एक खोटी सही सापडली, तर एक छदामही देणार नाही. मग कसली बाग नि कसले झोपाळे!”

“मग?”

“आज तिच्या दारात जाऊन तोंडावर विचारतो.”

बाळ रडलं. ऑड्री मागे वळली.

“अगंबाई, कित्ती गोड! कुठं राहतेस गं पोरी?”

“तळ्यापलीकडे. तिकडेच निघालेय.”

म्हाताराही वळला.

“पण ही बस तर तळ्याकडूनच आली, पोरी.”