एक वेलांटी

ताई : ‘पाणी योजनेच्या उद्घाटनाला गावकरी बायकामुलांसह जमले होते.’ हे तूच लिहिलंस ना?

बातमीदार : हो. खरंच जमले होते, ताई. दीडएकशे तरी असतील.

ताई : म्हणजे बायका गावकरी नव्हेत. सामानासारख्या सोबत आणल्या होत्या.

बातमीदार : घ्या! वाचायला घेऊन दोन मिनिटं झाली नाहीत, तर काढलीत खुसपटं.

ताई : अरे, मी मुद्रितशोधक. खुसपटं काढायचाच पगार मिळतो मला. पुढे बघ. ‘नळाला पाणी येताच महिलांच्या चेहऱ्यावर हसू फुलले.’ आणि पुरुषांच्या चेहऱ्यावर काय फुललं?

बातमीदार : पुरुष... ते भाषण ऐकत होते.

ताई : बिचारे. ‘गावकरी जमले होते’ एवढं पुरे.

बातमीदार : हसूपण कापलंत?

ताई : सगळ्यांना वाटून दे, नाहीतर राहू दे. आता हे. ‘बंद पडलेला पंप सुरू करण्यात महिला मेकॅनिकनेही हातभार लावला.’ पंप दुरुस्त कोणी केला?

बातमीदार : तिनंच.

ताई : एकटीनं?

बातमीदार : एकटीनं. ती विहिरीत, दीर वर बॅटरी धरून उभा होता.

ताई : मग हातभार दिरानं लावला. पंप तिनं दुरुस्त केला. एवढं लिहायला हात का जड होतो रे तुझा?

बातमीदार : चुकलं. तिनं तर बजावलंही होतं मला, बाकी काहीही लिहा, पण काम मी केलं हे नीट लिहा म्हणून. सोमवारी मुलाखत आहे तिची. ग्रामपंचायतीत कायमची मेकॅनिक म्हणून घेणार आहेत. अर्जाला आपलं कात्रण जोडणार आहे.

ताई : कात्रणावर नोकरी देतात होय?

बातमीदार : दुसरा पुरावा कुठाय तिच्याकडे? वडिलांच्या हाताखाली शिकली, प्रमाणपत्र एकही नाही. चार वर्षांपूर्वीही याच जागेसाठी तिनं आपलं कात्रण नेलं होतं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, बाई, यात तर पुरुष आहे. जागा दिराला मिळाली. चार वर्षं हुद्दा त्याचा आणि पाना हिच्या हातात. आता तो गाव सोडून चाललाय.

ताई : पण आपल्या बातमीत पुरुष कुठून आला?

बातमीदार : हे बघा कात्रण. ‘मेकॅनिक चाळीस फूट खोल विहिरीत उतरला.’

ताई : तुझ्या आधीचा तो वेंधळा! त्याचंच काम.

बातमीदार : मलाही तेच वाटलं. म्हणून जुन्या फायलीतून त्याची हातानं लिहिलेली प्रत काढली. त्यानं ‘उतरली’च लिहिलं होतं. कुणीतरी लाल शाईनं वेलांटी खोडून काना दिलाय. वर समासात शेरा, ‘लिंग तपासत जा!’

ताई : दाखव.

बातमीदार : राहू द्या ना, ताई.

ताई : दाखव म्हणते ना.

(ताई चष्मा पुसून कागद पुन्हा वाचतात.)

बातमीदार : उद्गारचिन्हसुद्धा ओळखीचं वाटतं, नाही?

ताई : माझंच आहे. मेकॅनिक म्हटलं की आला, गेला, उतरला. हात आपोआप चालला रे, क्षणभरही अडखळला नाही. आणि तुला मघापासून शिकवतेय. फार वाईट वाटतंय मला. चार वर्षं गेली तिची.

बातमीदार : आजची बातमी नीट करू. तेवढी पुरेल.

ताई : जुनं कात्रण त्या साहेबांच्या फायलीत आहेच की. घे कागद, शुद्धिपत्र लिही. ‘मेकॅनिक विहिरीत उतरला याऐवजी उतरली असे वाचावे.’

बातमीदार : चार वर्षांनी शुद्धिपत्र? संपादक हसतील.

ताई : फुलू दे त्यांच्याही चेहऱ्यावर.

बातमीदार : आणि खाली? ‘मुद्रितशोधकाच्या नजरचुकीने’ लिहू? पण लोकांना वाटेल, कुणी बुवाच असणार.

ताई : म्हणूनच ते नको. ‘मुद्रितशोधक चुकली’ असं लिही. आणि वेलांटी नीट काढ.