आतली कडी

अक्कलकोट रोडच्या बसमध्ये पूनम खिडकीशी बसली होती. टॉवेलच्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून तिचा आज पहिला दिवस. पुढच्या सीटवर त्याच कारखान्यातल्या दोघी, फुलाबाई आणि गिरिजाबाई, तिला न ओळखता बोलत होत्या.

“फुलाक्का, सायेब काल पुन्हा चिडलं की! एवढं थंड पाण्याचं मशीन आणलं, तरी बायका पाणी पीत न्हाईत म्हणं.”

“पिऊन जायचं कुटं, गिरिजे? संडासाच्या दाराला आतनं कडीच न्हाई.”

“मग सांगायचं व्हतंस त्यास्नी.”

“बाप्या माणसाला कडीचं कसं सांगू? तू सांगितलंस का?”

“मला बी लाज वाटती की. पर परवा आपल्यातली काव्या कामावर चक्कर येऊन पडली.”

“व्हय, आन् सायेब म्हणं, अजून एक मशीन आणतो!”

“आज कुणी नवी मॅडम येणार हाय.”

“येऊ दे. तिला तरी संडासला जावं लागंलच की!”

दोघी खदखदून हसल्या.

पूनम पुढं वाकली. “मावशी, दारं किती आहेत?”

“दोन. का गं? कड्या विकतीस व्हय तू?”

“विकत नाही, मावशी. बसवायला आलेय.”