काचेवर चकाकी, चेहरा अस्पष्ट

— बसा की साहेब, उभं राहून का विचारताय, खुर्ची डुगडुगते पण पडत नाही. अकरा फोटो म्हणालात ना? अकरा. आणि सगळे माझ्याच टेबलावरून नापास. कमाल आहे बाई माझी! बाकीच्या पाचजणींकडे तुमचा कॅमेरा अगदी डोळ्यांत तेल घालून बघतो आणि माझ्याकडे आला की आंधळा होतो — असंच ना? नाही नाही, तुम्ही तसं म्हणाला नाहीत. कंपनीची माणसं सभ्य असतात, आधी लॅपटॉप उघडतात, मग इज्जत काढतात.

आता आमचं काम म्हणजे काय — पुलावरच्या एकेका रांगेचा कॅमेरा एकेकीच्या टेबलाला, गाडी गेली की फोटो येतो, मी बघायचं, चालवणाऱ्याचा चेहरा दिसतोय का. दिसला तर 'स्पष्ट' दाबायचं, फोटो वरच्या मजल्यावर जातो, तिथे परवान्याशी ताडून बघतात. नाही दिसला तर 'अस्पष्ट', आणि खाली कारण. एका फोटोला नऊ सेकंद. अकरा वर्षं मी एकच कारण लिहितेय — काचेवर चकाकी, चेहरा अस्पष्ट. जुन्या कॅमेऱ्यात ऊन काचेवर आपटलं की अर्धी गाडी पांढरीफटक, आत माणूस बसलाय की पोतं ठेवलंय, देव जाणे. मग अवतरलात तुम्ही. दोन दिवसांचं प्रशिक्षण, पडद्यावर रंगीबेरंगी बाण — आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला कळलं की उजेडालासुद्धा अंग असतं म्हणे! काचेवरून उडालेला उजेड बराचसा एकाच अंगाने थरथरत येतो, आणि तुमच्या कॅमेऱ्यात ठिपक्याठिपक्यावर बारीक जाळ्या, एक उभी, एक आडवी, दोन तिरक्या, त्यातल्या एकीतून तो जेमतेमच आत शिरतो. म्हणून चारांतला एक ठिपका तरी जळत नाही, आणि त्याच्या जोरावर आतला चेहरा नीट उजळून काढता येतो. भर बाराच्या उन्हात, एकाच फोटोत. बघा, पाठ आहे मला. झोपले नव्हते मी, डोळे मिटून ऐकत होते.

काय? तीन फोटो कधीचे? असं — पुलाची दुरुस्ती चालली होती तेव्हाचे. वर ताडपत्रीचं छत बांधलं होतं? या टोकापासून त्या टोकापर्यंत? मला काय स्वप्न पडतं का साहेब, इथे खिडकी तरी आहे का बघा — एसीखाली बादली आहे फक्त. छत होतं, म्हणजे ऊन नाही, म्हणजे चकाकी नाही, आणि मी लिहिलं चकाकी. हात गेला सवयीने, झालं. तुमचा कॅमेरा प्रत्येक फोटोशेजारी आकडासुद्धा छापतो, किती चकाकी छाटली त्याचा? आणि तिथे शून्य? वा. भलताच चोंबडा आहे हो तुमचा कॅमेरा. पण खरं सांगू, मी सांगितलं होतं की दुरुस्ती आहे तोवर पुलावरून जाऊ नका, लांबच्या रस्त्याने जा, पण ते कोणाचं ऐकतील तर —

कोण ते? कोणी नाही. चालवणारा. असंच आपलं.

बरं, बाबा. माझे बाबा आहेत. अकराही फोटोंत तेच आहेत, झालं समाधान? करा तक्रार, काढा मला. — म्हणजे? तुम्ही कॅमेऱ्यात दोष आहे का ते बघायला आला होतात? नुसतं तेवढंच? शाबास. तुम्ही जाळ्या पुसायला आलात आणि मी आपलं पोटातलं सगळं ओकून बसले.

आता अर्धवट नको. बाबांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. मलाही त्यांनीच शिकवली, क्लच जोरात सोडला की डोक्यात टपली. दोन वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं गेलं, नळीतून बघावं तसं. परवाना रद्द झाला. मी किल्ली मागितली तर म्हणाले, मंगळवारपुरती राहू दे. मंगळवारी एका मित्राकडे जातात, तो अंथरुणाला खिळलाय, त्याची दाढी करून येतात. एवढंच. जायला वीस मिनिटं, यायला वीस. मी म्हटलं असू दे, सावकाश चालवतात. रिक्षाने जा म्हटलं तर असे बघायचे की मलाच लाज वाटायची. भ्याले मी त्यांना. आणि दर मंगळवारी ते माझ्याच रांगेतून जायचे, मी इथे बसून तो चेहरा बघायचा — स्वच्छ, दाढी केलेला, तुमच्या कृपेने एकेक सुरकुती मोजून घ्यावी असा — आणि लिहायचं अस्पष्ट. गाडीखाली कोणी आलं असतं तर? विचार केलाय हो. मंगळवारी जेवण जात नाही मला.

बारावा कसला? मी अकराच केलेत. — कालचा, त्याच गाडीचा? काल मी दाताच्या डॉक्टरकडे होते, कालचे सगळे पडून आहेत. आणि काल बुधवार होता, बुधवारी बाबा घरी असतात, रोजच्यासारखं माझ्या मुलीला शाळेतून आणायला जातात. चालत. फिरवा बघू स्क्रीन इकडे. मोठा करा.

आणखी मोठा करा.

शेजारी कोण बसलंय ते मला सांगायची गरज नाही. साडेआठ वर्षांची आहे. तिचा हात का वर आहे, सांगा तुम्ही, तुमचा कॅमेरा सगळं दाखवतो ना? खिडकीकडे बोट केलंय तिने. तोंड उघडं आहे. ती सांगतेय त्यांना — आजोबा, डावीकडून गाडी येतेय. आणि ते तिच्याकडे न बघता मान डोलावतायत. किती सरावाने बसलीय बघा, पुढे सरकून, काचेला नाक लावून. पुलावर कालच आले असतील, पण पहिल्यांदा बसलेलं पोर असं बसत नाही हो. मला विचारायची, आई, काचबिंदू म्हणजे बाजूचं किती दिसत नाही? मी म्हटलं, अभ्यास कर.

माउस द्या इकडे. मीच दाबते, माझ्या टेबलाचा आहे फोटो. स्पष्ट. आणि ते अकराही परत उघडा, सगळे स्पष्ट करायचेत — पण आत्ता नाही, उद्या, उद्या या, मी असले तर. आत्ता किती वाजले? चार दहा? शाळा साडेचारला सुटते आणि ते दहा मिनिटं आधीच जाऊन उभे राहतात. सरका साहेब, खुर्ची सरकवा. लॅपटॉप राहू दे तिथेच, सरका म्हणते ना.