सरकत्या जिन्यावरचा दुधी

तुम्ही मॉलला नावं ठेवताय, म्हणून सांगते. आमचे नाना, म्हणजे माझे सासरेही ठेवायचे. जेवताना रोज एकच, "खंडेराव मार्केट असताना बडोद्याला मॉल हवाय कशाला? तिथं साधी कोथिंबीर मिळत नाही!"

मला मात्र तो हवा होता. नवीन लग्न, अकोट्याचं घर माणसांनी भरलेलं, समीरशी चार शब्द बोलायला जागा नाही. म्हणून शनिवारी आम्ही देवळात जातो सांगून मॉलमध्ये जायचो. घ्यायचं काहीच नसे. काचेच्या छतातून मऊ उजेड उतरायचा, त्या गारव्यात माणसांचे आवाजही विरघळायचे, आणि आम्ही हातात हात घालून सरकत्या जिन्यावर नुसते वर-खाली तरंगायचो.

एकदा असेच वर चाललो होतो, तर शेजारच्या जिन्यावरून नाना खाली येत होते. हातात भाजीची पिशवी, तिच्यातून डोकावणारा दुधी, चेहऱ्यावर समाधीचं सुख. पळणार कुठे? जिने आम्हाला सावकाश समोरासमोर आणत होते. संपलं, आता मॉलही गेला, असं मला वाटलं.

"एसी सरस आहे," नाना म्हणाले आणि तसेच खाली निघून गेले.

जेवताना सासूबाईंनी त्यांना विचारलं, "भाजीला एवढा वेळ?"

"मार्केट लांब पडतं. पुढच्या शनिवारपासून या दोघांना पाठव."

"एका दुधीला दोन माणसं?"

नानांनी ताटातून मान वर केली नाही. "तिथला दुधी जड असतो."